भरवशाची म्हैस

नमस्कार श्रोतेहो. परवा एका किराणा दुकानात गल्ल्याच्या वर टांगलेली पाटी वाचली. 'आमचा ग्राहकांवर पूर्ण विश्वास आहे. उधारी बंद आहे.' मी ती दोनदा वाचली. दुकानदाराला काहीच वावगं वाटत नव्हतं. तो शांतपणे शेंगदाणे मोजत होता.

तर आज या विश्वासाबद्दलच बोलू. म्हणजे त्या शब्दाबद्दल.

आपल्या भाषेत विश्वास काय काय करतो ते बघा. विश्वास बसतो. बसत नाही. कुणावर तरी ठेवता येतो, टाकता येतो, कुणाला विश्वासात घेता येतं. आणि तो उडतो. फांदीवरच्या पाखरासारखा बसतो आणि उडतो. खात्री मात्र उडत नाही, ती करून घ्यावी लागते. शीर दाबून, नाणं वाजवून, सातबारा काढून. म्हणजे खात्री करायची आणि विश्वास ठेवायचा. पुन्हा सांगतो, लिहून घ्यायची गरज नाही, ऐका फक्त: खात्री करायची, विश्वास ठेवायचा.

हल्ली टीव्हीवरच्या मालिकांतली माणसं एकमेकांना 'माझ्यावर विश्वास कर' म्हणतात. अरे, विश्वास म्हणजे काय भाजी आहे, करायला? हिंदीतून जसाच्या तसा उचलला आणि ठेवून दिला. आणि सभेत बोलणाऱ्यांना नुसतं 'मला वाटतं' म्हणायची लाज वाटते, म्हणून 'माझा असा ठाम विश्वास आहे की'. कशावर? तर नळाला आठवड्यात पाणी येईल यावर. असो. हा माझा जुना राग आहे.

आता म्हशीची गोष्ट सांगतो.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी लहान होतो. आमच्या सोलापूर जिल्ह्यात वैरण संपली, विहिरी संपल्या, आणि दावणीची जनावरं मिळेल त्या भावाला गेली. दुष्काळ सरल्यावर आजोबांनी पैसे जमवले आणि सांगोल्याच्या बाजारातून एक गाभण म्हैस आणायचं ठरवलं. मला बरोबर नेलं, कशाला ते मला आजही कळलेलं नाही.

आजोबांनी म्हैस बघितली ती अशी: आधी दात. मग शिंगं, खूर. मग खाली बसून कास चाचपली, चारी सड बोटांनी दाबून बघितले, पोटाखालची दुधाची शीर अंगठ्यानं धरून पार पुढं नेली. म्हैस आठव्या महिन्यात, आटलेली. धार काढून बघायची सोय नव्हती, पण हाताला जे कळायचं ते सगळं त्यांनी कळून घेतलं. अर्धा तास तरी लागला असेल. हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, बाजूला विडी ओढत उभा. मग दोघांनी टॉवेलखाली हात घातले, बोटं धरली, सोडली, पुन्हा धरली. किंमत सांगत नाही, आज ऐकून हसाल.

सौदा होता होता हेडी म्हणाला, "आबा, दुसरं वेत हाय. पहिल्याला पारडी दिलीया. हिच्या आयनंबी पारड्याच दिल्या. यंदाबी पारडीच हुनार. माझ्यावर इस्वास ठेवा."

घरी आल्यावर त्या पारडीचीच चर्चा. पारडी म्हणजे तीन-चार वर्षांनी दुसरी म्हैस, ती आत्याला द्यायचं चुलत्यांनी तिथंच जाहीर केलं. आत्याच्या सासरी निरोपही गेला. चुलते म्हणत, "खात्रीच हाय." आजी म्हणे, "खंडोबावर माझा भाव हाय," आणि तिनं नारळ बोलून टाकला. शेजारच्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "निम्मं निम्मं समजा." त्या दिवसापासून गुरुजींना आमच्याकडे चहा मिळाला नाही.

आजोबा काहीच बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "बघू की."

म्हैस रात्री व्यायली. कंदील घेऊन सगळं घर गोठ्यात. मी आईच्या पाठीमागं. चुलत्यांनी वाकून बघितलं आणि सरळ उभे राहिले. तेवढ्यावरच सगळ्यांना कळलं. टोणगा. कुणीतरी अंधारातून म्हण सुरू केली, "भरवशाच्या म्हशीला..." आणि आजोबांनी ती अर्ध्यात तोडली. म्हणाले, "म्हशीनं कवा दिला भरवसा? दिला त्यो हेड्यानं."

पुढच्या बाजाराला चुलते भांडायलाच निघाले, आजोबाही गेले. मीही होतो. हेड्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्या काय म्हनलो? माझ्यावर इस्वास ठेवा. म्हशीच्या पोटावर ठेवा म्हनलो का?"

चुलते हात उगारणार होते. आजोबा हसायला लागले, आणि खोटं वाटेल, पण पुढचा बैलही त्यांनी त्याच हेड्याकडून घेतला. चुलते वर्षभर धुसफुसत होते. आजोबांचं म्हणणं एवढंच, की वेत त्यानं खरं सांगितलं, दात खरे सांगितले, चारी सड चालू निघाले, दूध बोलल्यापेक्षा जरा जास्तच. "त्याला ठावं हुतं तितं त्यो इस्वास ठेवा म्हनला न्हाई. न्हवतं ठावं, तितं म्हनला. मलाबी तवाच कळलं हुतं."

श्रोतेहो, मी पुढं बरंच काही वाचलं, पण या वाक्याच्या पुढं फार गेलो असं वाटत नाही. उद्या सूर्य उगवेल असा माझा विश्वास आहे, असं कुणी म्हणत नाही. उगवतो तो. 'तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे' हे वाक्य घरात कधी उच्चारलं जातं, आठवून बघा. आणि त्याच्यानंतर 'पण' येतो की नाही, तेही आठवा.

शब्दाचं मूळ तसं गोड आहे. विश्वासात श्वास आहे. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो तो विश्वासाचा. श्रद्धा हा शब्द तर त्याहून दूरचा पाहुणा निघाला. लॅटिनमधल्या 'क्रेदो'चा तो सख्खा नातेवाईक, आणि त्या क्रेदोच्याच घराण्यातलं क्रेडिट. म्हणजे श्रद्धा आणि क्रेडिट कार्ड एकाच कुळातले. आणि आपला भाव? देव भावाचा भुकेला, आणि शेतकरीही भावाचाच भुकेला.

'विश्वास तर पानिपतात गेला,' असं आपण सहज म्हणतो. म्हणताना तो मुलगा आठवत नाही. नानासाहेब पेशव्यांचा थोरला, विशीच्या आतला विश्वासराव, 14 जानेवारी 1761 ला रणावर पडला. मला ही कोटी आवडत नाही, पण तोंडात येते खरी.

विश्वास नेमका मोजलेला मी एकाच ठिकाणी पाहिला, लोकसभेत. 17 एप्रिल 1999. विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूनं 269, विरुद्ध 270. वाजपेयींचं सरकार गेलं. बाकी ठिकाणी मोजणं अवघड. 2013 साली महाराष्ट्रात नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. बोलताना लोक त्याला अंधश्रद्धेचा कायदा म्हणतात, पण त्याच्या नावात तो शब्द नाही. मनात कोण काय मानतो, यावर तो बोट ठेवत नाही. काय काय करायचं नाही, ते मात्र एकेक करून सांगतो. यावर खूप बोलता येईल, पण वेळ म्हशीनं खाल्ला.

हां, आजीच्या नारळाचं राहिलं. पारडी झाली तर नारळ, असं तिनं बोललेलं. टोणगा झाला. तरी जार पडेपर्यंत ती गोठ्यातून हलली नाही, आणि खरवस खाऊन झाल्यावर एका सकाळी नारळ घेऊन खंडोबाला निघाली. आजोबांनी दारातच विचारलं, "आगं, पारडी कुठं झाली?"

आजी म्हणाली, "आनून ठेवलेला नारळ. त्यो काय वाळवू?"

यानंतर बाजारभाव आहेत. ज्यांच्या घरात कांदा पडून आहे त्यांनी रेडिओ बंद करू नका. नमस्कार.