जमिनीखालचं गोडं पाणी: लातूर ते कवरत्ती

(दृश्य: लातूर जिल्ह्यातलं शिवार. बोअरची गाडी, पांढरा धुरळा.)

पाचशे फूट झाले. सातशे झाले. अजून नुसता फुफाटाच निघतोय. शेतमालक गाडीवाल्याला म्हणतो, आणखी एक रॉड घाला.

मराठवाड्याच्या पोटात काळा पाषाण आहे. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि कातळातल्या भेगा. जसजसं खोल जावं तशा भेगा विरळ होतात, आणि तिथलं पाणी उपसलं की एका पावसाळ्यात भरून येत नाही. म्हणूनच २००९ च्या राज्य भूजल कायद्यानं शेती-उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल जायला मनाई केली. बोअर मात्र खोलच जात राहिले. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर.

(दृश्य: निळा समुद्र, नारळीची बेटं.)

हे लक्षद्वीप. केरळच्या पश्चिमेला, अरबी समुद्रात ३६ बेटं. वस्ती फक्त दहांवर. सगळी जमीन एकत्र केली तरी ३२ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेनुसार माणसं ६४ हजारांवर.

पाऊस इथं आपल्या दुपटीच्या आसपास पडतो. पण नदी नाही, ओढा नाही, धरणाचा तर प्रश्नच नाही. प्रवाळाच्या वाळूत पाणी पडल्या पडल्या मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे बेटाखाली समुद्राच्या पाण्यावर ते पातळ थरासारखं तरंगत राहतं. या थराचा हिशोब मोठा कडक आहे. समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल, तर खाली ते साधारण चाळीस फूट असतं. वरची पातळी एक फुटानं उतरली, की खालून खारं पाणी चाळीस फूट वर यायला बघतं.

पोहऱ्यानं शेंदत होते तोवर हा थर टिकला. विजेचे पंप आले आणि विहिरी मचूळ होऊ लागल्या. शौचकूप आणि विहीर हाकेच्या अंतरावर, मधे सच्छिद्र वाळू; त्यामुळे घाणही त्याच पाण्यात झिरपते.

२००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं लक्षद्वीपच्या राजधानीच्या बेटावर, कवरत्तीत, समुद्राचं पाणी गोडं करणारा एक प्रकल्प उभारला. समुद्राचं वरचं कोमट पाणी कमी दाबाच्या टाकीत सोडायचं, त्याची वाफ होते. ती वाफ थंड करायला साडेतीनशे मीटर खोलीवरचं गार पाणी नळानं वर आणायचं. दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी मिळतं, आणि त्यासाठी रसायनं लागत नाहीत. पंपांना वीज मात्र लागते, आणि बेटांवरची बरीचशी वीज जहाजानं आलेल्या डिझेलवर बनते.

शिवाय बेटाला राखतं ते प्रवाळ. लाटा त्यावर फुटतात, किनाऱ्याची वाळूही त्याचीच. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापला आणि प्रवाळ पांढरं पडलं. ते मेलं की किनारा खचतो, आणि गोड्या पाण्याच्या थराची जागाच आकसते.

(दृश्य: जालना जिल्हा, कडवंची. द्राक्षबागा, शेततळी.)

बेटावर जास्त उपसा झाला की घोटातच खारट चव लागते. त्याच हंगामात, त्याच घरात. आपल्याकडे ही खूण नाही, म्हणून आपण रॉड वाढवत जातो. मला आपला खरा धोका हाच वाटतो. कडवंचीनं वेगळी वाट धरली. नव्वदीच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात बांधबंदिस्ती झाली, नाले अडवले गेले, नंतर घरोघरी शेततळी आली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झालं, म्हणून मुरूम पुन्हा भरू लागला.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. हे आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, सगळ्यांना वाचता येतील अशा ठळक अक्षरांत लागले पाहिजेत. आणि ऊस लावायचा की हरभरा पेरायचा, हे ऑक्टोबरचा आकडा समोर ठेवून ग्रामसभेत ठरलं पाहिजे.