नाल्यापलीकडची भिलाटी

श्रोतेहो, नमस्कार.

तापीकाठच्या आमच्या भागात गावाचा इतिहास सांगणारा माणूस बहुधा एकाच वाक्याने आरंभ करतो: येथे घनदाट जंगल होते, आमच्या पूर्वजांनी ते तोडले आणि गाव वसवले. आमच्या गावाच्या स्मरणिकेतही पहिल्या पानावर हेच छापले आहे. गुजरातेतून बैलगाड्या घेऊन कोणती कुळे आली, पहिली विहीर कोणी खोदली, हे सारे वंशावळी राखणाऱ्या भाटाच्या वहीवरून उतरवले आहे. भिल्ल हा शब्द मात्र एकदाच येतो, तोही दरोड्याच्या हकिकतीत.

वास्तविक नाल्यापलीकडची भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती, गावाइतकीच जुनी, कदाचित अधिक. गावाचा जागल्या, म्हणजे राखणदार, भिल्लच असे. माझे आजोबाच सांगत की, शिवेचा तंटा निघाला म्हणजे दगड मूळचा कोठे होता हे त्यालाच विचारावे लागे. ज्याला शीव ठाऊक, तो गावाच्या आधीचा, हे आजोबांच्या मनात कधी आले नसावे.

1818 साली खानदेश इंग्रजांकडे गेला आणि त्यांच्या दप्तरात भिल्ल म्हणजे बंदोबस्ताचा प्रश्न झाला. 1825 मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावी भिल्ल पलटण उभारली, आणि त्याच सुमारास कन्नडकडे भिल्लांना जमीन व तगाई (शेतीसाठी सरकारी कर्ज) देऊन 'वसवण्याचे' काम सुरू झाले. ज्यांच्या रानात इतरांनी वस्ती केली, त्यांनाच वसाहतवाले ठरवण्याचा हा प्रकार मला आजही चमत्कारिक वाटतो. 11 एप्रिल 1858 रोजी सातपुड्यातल्या अंबापाणीला भिल्ल इंग्रजांशी लढले. स्मरणिकेत त्या काळापुढे केवळ 'गावाची भरभराट' एवढेच लिहिले आहे.

आमच्या एका शेताला घरात सगळे 'नाईकाचा मळा' म्हणतात. सातबाऱ्यावर आमचे आडनाव आहे. हा नाईक कोण, हे घरात कोणालाच सांगता येईना, म्हणून मी भिलाटीतल्या एका वृद्ध आजींना विचारले. त्यांनी चार पिढ्यांची नावे न अडखळता सांगितली, सावकाराचे खत कसे झाले तेही सांगितले, आणि त्यांचा नातू आज आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याच शेतावर वर्षाच्या बोलीचा सालदार म्हणून ठरतो, हे सांगताना त्या किंचित हसल्या.

स्मरणिकेची दुसरी आवृत्ती निघणार आहे. ती चार नावे मी संपादकांकडे दिली आहेत. पुरवणीत जागा मिळाल्यास ती घेऊ, पहिले पान मात्र तसेच राहील, असे त्यांनी मला कळवले आहे.