तुटली नाही, सोडली

नमस्कार श्रोतेहो.

मध्यंतरी आमच्या गावात, अमळनेर तालुक्यात, एक व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर फिरत होता. विमानातून दोघं जण उडी घेतात. पुढे हौसेनं आलेला तरुण, त्याच्या पाठीला बांधलेला शिक्षक. छत्री उघडते, पण वेडीवाकडी, आणि दोघं गरगर फिरायला लागतात. मग एका झटक्यात ती अख्खी छत्री त्यांच्यापासून सुटते आणि वाऱ्यावर निघून जाते. पाहणारा इथं डोळे मिटतो. उघडून बघतो तर डोक्यावर दुसरी छत्री, आणि दोघं सुखरूप जमिनीवर. पारावर बसलेल्या एका आजीनं मला विचारलं, "भाऊ, छत्री तुटनी तरी पोऱ्या वाचना कसा रे?"

मी लष्करात बावीस वर्षं पॅराशूटच्या घड्या घातल्या. आजीला जे सांगितलं तेच आज आपल्या सगळ्यांना सांगायला आलो आहे. छत्री तुटली नव्हती. शिक्षकानं ती सोडली होती. जाणूनबुजून, हाताने.

दोघांनी एका छत्रीखाली यायचं, या उडीला टँडम म्हणतात. 1980च्या दशकात अमेरिकेत हा प्रकार सुरू झाला. साधारण दहा ते तेरा हजार फुटांवरून उडी असते आणि अर्धं ते पाऊण मिनिट नुसतं पडायचं असतं. दोघांचं वजन एकत्र, म्हणून वेगही जास्त. तो आवरायला शिक्षक विमानाबाहेर पडल्यावर काही सेकंदांतच एक लहानशी छत्री मागे सोडतो. तिला ड्रोग म्हणतात. उतारावर बैलगाडीमागे ओंडका ओढत न्यावा, तसं तिचं काम. तिच्यामुळे वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास राहतो आणि शरीर स्थिर राहतं. पुढे पाच-साडेपाच हजार फुटांवर शिक्षक एक दोरी ओढतो. मग हीच ड्रोग मोठी छत्री पाठीवरच्या पिशवीतून उपसून काढते. मोठी म्हणजे साधारण साडेतीनशे चौरस फूट कापड, आपल्याकडच्या दोन खोल्यांएवढं.

बिघाड कुठं होतो? ड्रोगच नीट फुगत नाही, किंवा दोरी ओढूनही पाठीवरची पिशवी उघडत नाही. छत्रीच्या घडीची आतली पिशवी बाहेर आली तरी तिचं तोंड बंदच राहतं. एखादी दोरी कापडावरून पलीकडे जाते आणि छत्रीचे दोन फुगे होतात. दोऱ्यांत गाठ बसते. स्लायडर नावाचा चौकोनी तुकडा असतो, छत्री हळू उघडावी म्हणून दोऱ्यांवरून खाली सरकणारा. तो वरच अडकतो.

आणि पीळ. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोका बांधतात, तेव्हा पोरं काय करतात आठवा. झोक्यावर एकाला बसवून गोल गोल फिरवतात, दोरांना पीळ बसतो, मग सोडून देतात. झोका उलटा फिरून आपोआप मोकळा होतो. छत्रीच्या दोऱ्यांना पीळ बसला आणि वरचं कापड सरळ, शांत असलं, तर शिक्षकही तेच करतो. वरचे पट्टे दोन हातांनी फाकवतो, पाय झाडतो, पीळ उलगडतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पण वरची छत्रीच एका बाजूला कलून फिरायला लागली, तर पीळ सुटण्याऐवजी वाढत जातो. तिथं झोक्याचा दाखला संपतो.

आता मला ज्या गोष्टीविषयी खरं बोलायचं आहे तिच्याकडे येतो. पहिली छत्री पूर्ण बिघडली असेल तर निर्णय सोपा असतो. कठीण असते ती अर्धी उघडलेली. थोडी फुगलेली, थोडा वेग कमी करणारी, "आत्ता सुधारेल" असं वाटायला लावणारी. शेतकऱ्याला हे मी वेगळं सांगायला नको. मृगात पेरलं, पावसानं दडी मारली, कपाशी कुठं उगवली, कुठं नाही. शेत मोडून दुबार पेरणी करायची की वाट बघायची? कोंब डोळ्यांना दिसत असतात, मोडायला जीव होत नाही. पण वाट बघता बघता पेरणीचे दिवस निघून जातात. शेतकऱ्याच्या हाती निदान आठवडा असतो. आकाशात हिशेब सेकंदांचा. ताशी दोनशेच्या वेगानं हजार फूट साडेपाच सेकंदांत जातात.

म्हणून ही तारीख आकाशात ठरवायची नसते. कोणत्या उंचीपर्यंत प्रयत्न करायचा आणि कुठं सोडून द्यायचं, हे शिक्षकानं जमिनीवरच ठरवलेलं असतं. मनगटावर उंची दाखवणारं घड्याळ असतं. ती उंची आली की वाद नाही. अमेरिकेत टँडम शिक्षकाला किमान तीन वर्षांचा अनुभव आणि पाचशे उड्या लागतात. माझ्या मते त्या उड्यांमधून तो सगळ्यात मोठं शिकतो ते हेच, की अर्धवट चांगल्या गोष्टीवरचा हात वेळेवर कसा काढायचा.

तुम्ही म्हणाल, सोडायची कशाला? पहिली राहू द्या, सोबत पाठीवरची दुसरी, राखीव छत्री उघडा, दोन छत्र्या झाल्या तर बरंच. तसं होत नाही. दोन्ही एकमेकींत गुंतू शकतात. नाहीतर एक डावीकडे, एक उजवीकडे अशा फाकतात आणि दोघी मिळून माणसाला खाली खेचतात. राखीव छत्रीला मोकळं आकाश लागतं.

सोडायची यंत्रणा फार सुंदर आहे. दोन्ही खांद्यांवर तीन-तीन कड्या असतात, मोठी, मधली, लहान, एकीतून एक ओवलेल्या. दोन माणसांची सगळी ओढ मोठ्या कडीवर येते, मधलीवर त्याहून कमी, लहानीवर आणखी कमी. शेवटी ती ओढ एका दोरीच्या फाशावर येते आणि त्या फाशातून एक बारीक तार गेलेली असते. तार ओढली की तिन्ही कड्या एकापाठोपाठ सुटतात. दोन माणसांचं वजन हाताच्या एका हिसक्यानं मोकळं होतं. बिल बूथ या अमेरिकन माणसानं 1970च्या दशकात ही रचना शोधली. बऱ्याच टँडम संचांत पहिली छत्री आणि राखीव छत्रीची पिशवी बंद ठेवणारी पिन यांच्यामध्ये एक पट्टी जोडलेली असते. जाणारी छत्री जाता जाता दुसरीची पिन ओढून देते. तरी शिक्षक राखीव छत्रीची मूठ स्वतःच्या हातानंही ओढतोच.

एक यंत्रही असतं. सायप्रेस नावाचं असं यंत्र जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी बनवलं आणि ते 1991मध्ये बाजारात आलं. टँडमसाठीचं यंत्र साधारण 1,900 फुटांवरही वेग फार आहे असं दिसलं, तर राखीव छत्रीचा बंद कापून तिला मोकळी करतं. शिक्षक बेशुद्ध पडला तरी. पण नीट ऐका. ते पहिली छत्री सोडत नाही. आणि अर्धवट छत्रीनं वेग थोडा कमी केला असेल, तर ते गप्प बसू शकतं. पुन्हा तेच, अर्धवट उगवलेलं शेत. तिथं माणसाचाच हात लागतो.

आता माझ्या कामाचं. राखीव छत्री कोणी वाटेल तो बांधत नाही, परवाना असलेला माणूस बांधतो. अमेरिकेत ती वापरली नाही तरी 180 दिवसांत उघडून, तपासून पुन्हा बांधावी लागते. बांधल्यावर पिनेवर बारीक दोरा आणि शिशाचं सील, सोबत कार्डावर तारीख आणि सही. तिच्या घडीची पिशवी छत्रीला बांधलेली नसते, मोकळी असते. का, तर स्प्रिंगनं बाहेर उडालेली ओढछत्री, म्हणजे राखीव छत्रीला बाहेर ओढणारी लहान छत्री, कुठं अडकली, तरी पिशवीतून कापड निघून यावं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी मी हत्यारं मोजली. घडी घालताना वापरायची एक तात्पुरती पिन कमी होती. दिवसभरात मी अकरा राखीव छत्र्या बांधल्या होत्या. आमचे उस्ताद आवाज न चढवता म्हणाले, "सगळ्या उघड." रात्री आठ वाजता मी पहिलं सील तोडलं. सहाव्या छत्रीत पिन सापडली. मला वाटलं, झालं. उस्ताद म्हणाले, उरलेल्या पाचही उघड, कारण ज्या दिवशी तुझं लक्ष एकदा चुकलं, त्या दिवसाच्या बाकी कामावर मी कुणाला झोपू देणार नाही. पहाटे चारला अकरावी बांधून झाली. ती सहावी छत्री घेऊन कोण वर गेलं असतं, हे मला ठाऊक नाही. तो माणूस मात्र अजून माझ्या मनातून जात नाही.

उडी घेणाऱ्यानं काय करायचं? थोडंच, पण ते नक्की. शिक्षकाचे हात धरायचे नाहीत. अंगावरच्या कोणत्याही मुठीला हात लावायचा नाही. बिघाड झाला तर शिक्षक सांगेल तसं हातपाय ठेवायचे आणि त्याला काम करू द्यायचं. उतरताना सांगितल्याबरोबर पाय वर उचलायचे. छत्री पहिली असो की राखीव, पाय खाली राहिले तर घोटा मोडू शकतो. आणि आपलं वजन खरं सांगायचं. लाजेनं दहा किलो कमी सांगणाऱ्याच्या थापेवर शिक्षकाचा सगळा हिशेब उभा राहतो.

आपल्या भागातल्यांना आणखी एक सांगतो. जळगाव-भुसावळचा मे महिना आपल्या अंगवळणी पडलेला आहे. तापलेली हवा विरळ असते, छत्री तिच्यात जास्त वेगानं उतरते. भर दुपारी वावरात उठणारी वावटळ तर जमिनीजवळ आलेली चांगली छत्रीही चिपाडासारखी मिटवू शकते. उन्हाळ्यात उडी सकाळचीच घ्या. वारा पाहून शिक्षकानं उडी रद्द केली, तर पैशांसाठी त्याच्याशी भांडू नका.

माझी भाची नंदुरबारची, नोकरीला पुण्यात असते. तिनं टँडमसाठी नाव नोंदवलं आणि मग तोच व्हिडिओ पाहिला. रात्री अकराला फोन. "मामा, जाऊ की नको?" मी म्हटलं, तिथं जाऊन दोन गोष्टी विचार. राखीव छत्री कोणी बांधली, आणि कधी. विचारल्यावर चिडले तर परत ये.

परवा तिचा मेसेज आला, सोबत दोन फोटो. तिथल्या शिक्षकानं स्वतः पिशवी फिरवून झडप उघडून दाखवली होती. एका फोटोत कार्ड, तारीख पाच आठवड्यांपूर्वीची, खाली सही. दुसऱ्यात पिन, शिसं, आणि लाल दोरा. फोटो मोठा करून मी तो दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. अखंड होता. मग तिला लिहिलं, "जा. आणि उतरताना पाय वर."

तिची उडी येत्या रविवारी सकाळी आहे. नमस्कार.