दक्षिणेच्या भिंतीवरचं सावलीचं घड्याळ

श्रोतेहो, नमस्कार. आमच्या रत्नागिरीकडच्या एका गावात निवृत्त गुरुजींनी शाळेच्या दक्षिण भिंतीवर सावलीचं घड्याळ करवून घेतलं. तासांच्या रेघा रंगवल्या, लोखंडी काटा बसवला. कोनही अचूक! आपला अक्षांश १७, म्हणून काटा भिंतीशी ९० वजा १७, म्हणजे ७३ अंशांवर. लंडनला हाच काटा भिंतीलगत, ३८ अंशांवर झुकलेला असतो.

उद्घाटन मेअखेरीस ठेवलं, कारण चाकरमानी तेव्हाच गावी येतात. नारळ फुटला, भाषणं झाली. (उद्घाटनाच्या भाषणांना कायद्याने पाच मिनिटांची मर्यादा हवी, हे माझं जुनं मत.) सरपंचांनी पडदा ओढला. काटा होता, रेघा होत्या, सावली मात्र नव्हती! कडक ऊन पडलेलं आणि अख्खी भिंत सावलीत. दुपारपर्यंत वाट बघितली, तरी तेच.

शेवटी शिपाई हळूच म्हणाला, "गुरुजी, घरच्यांनी आमसुलं मागल्या जोत्यावर वाळत घातलीत. या दिवसांत ऊन तिकडंच असतं."

त्याचं बरोबर होतं. साधारण ८ मे ते ५ ऑगस्ट आपल्याकडे सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो, माध्यान्हीला डोक्यावरूनही उत्तरेकडूनच जातो आणि मावळतोही उत्तरेला कलून. पुन्हा सांगतो, सूर्य दिवसभर उत्तरेला. दक्षिण भिंतीला ऊन किती? शून्य तास. मार्च-सप्टेंबरात दिवसरात्र सारखी असते तेव्हा १२ तास, डिसेंबरात अख्खा दिवस, म्हणजे ११ तास. आणि मे-जूनमध्ये शून्य!

लंडनला जूनचा दिवस साडेसोळा तासांचा. तिथेही सूर्य सकाळ-संध्याकाळ भिंतीमागे असतो, पण दुपारी दक्षिणेलाच येतो, त्यामुळे भिंतीला सव्वानऊ तास मिळतात. अक्षांश जितका कमी, तितकं उन्हाळ्यात दक्षिण भिंतीचं ऊन कमी. वास्तुवाले दक्षिणेला नावं ठेवतात ना? मेमध्ये त्या भिंतीला पाठ टेकून बसा म्हणावं!

गुरुजींनी मग उत्तर भिंतीवर दुसरं घड्याळ रंगवलं. त्यात सगळं उलटं, सकाळचे तास उजवीकडे आणि काट्याचं टोक वर. रंग वाळतो न वाळतो तोच मृग लागला आणि सूर्य ढगाआड गेला.