स्ट्रेचर हलवून का बघतो? आणि तुम्ही मागितलेले फजितीचे किस्से

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एक कमेंट आलीय, तिला लाइक्सही भरपूर पडलेत, म्हणून आधी तीच वाचते. "पेशंट तिकडे तडफडतोय आणि हे लोक स्ट्रेचर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घातल्यावर मागेपुढे हलवत काय बसतात?" बाकी सगळ्यांचं एकच पालुपद, "ताई, विचित्र कॉलचे किस्से सांगा." सांगते. पण आधी ते हलवणं, कारण त्याच्यामागे माझीच फजिती आहे.

स्ट्रेचर कसं असतं, पेशंटला त्यावर कसं घेतात, हे तुम्ही शंभरदा पाहिलंय, त्यात वेळ घालवत नाही. फक्त पट्ट्यांबद्दल एक. पेशंटचं डोकं ड्रायव्हरच्या बाजूला असतं. करकचून ब्रेक लागला की पेशंट डोक्याच्या दिशेने सरकतो. पोटावरचा पट्टा त्याला धरू शकत नाही, खांद्यावरचे धरतात. आणि नेमके तेच "राहू दे, जवळच जायचंय" म्हणून लटकत राहतात. असो.

खरी गोम आहे स्ट्रेचर गाडीतून बाहेर काढताना. हाताने चालवायच्या स्ट्रेचरचं सांगते, बॅटरीवाल्याचं नाही. डोक्याकडच्या टोकाला दोन छोटी चाकं असतात, ती गाडीच्या तळावर टेकलेली. आपण ओढत आणतो, खालचे पाय सुटतात, उघडतात आणि लॉक होतात. तोपर्यंत ती छोटी चाकं गाडीतच राहिली पाहिजेत. आधीच बाहेर आली तर पेशंटचं सगळं वजन आपल्या मनगटांवर. म्हणून गाडीच्या काठाला एक हुक असतो, त्यात स्ट्रेचरची दांडी अडकते. पाय लागले याची खात्री झाली की आपण दांडी हुकातून सोडवायची.

मला नोकरीला लागून तीन महिने झाले होते. रात्रीची वेळ, स्ट्रेचरवर खुबा मोडलेल्या एक आजी. मी ओढलं, "खट्" असा आवाज आला. लागलं लॉक! मी दांडी सोडवली. तो आवाज लॉकचा नव्हताच. ऑक्सिजन सिलिंडरचा पाना खाली पडला होता. पाय मिटायला लागले, स्ट्रेचर वीतभर खाली आलं, आणि माझ्या पार्टनरने गुडघा घालून ते अडवलं. त्याचा गुडघा पुढे आठवडाभर काळानिळा होता. आजींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाई गं, दुसरा खुबा अजून शाबूत आहे, घाई कशाला?"

म्हणून सांगते, आवाजावर जाऊ नका. सायरन, रडारड, नातेवाइकांचे फोन, त्यात कुठलाही "खट्" लॉकसारखाच वाटतो.

बरं, कान नाही तर मग काय? डोळे. वाकायचं आणि पाय पूर्ण उघडलेत का ते बघायचं. रात्री टॉर्च मारून बघायचं. वाकायला एक सेकंद लागतो, आणि वाकायचा कंटाळा करणाऱ्यांमध्ये मी स्वतः होते, म्हणून अधिकाराने बोलतेय.

आणि डोळ्यांनी पाहिलं तरी हाताने वजन टाकून बघायचं. हळूच खाली दाबायचं. पाय लागले असतील तर वजन जमिनीवर जातं, हात हलके होतात. नसतील तर हातांना लगेच कळतं. मग पेशंटच्या पायांकडचा माणूस मोठ्याने म्हणणार "लागलं", आणि त्यानंतरच हुक सुटणार. मनातल्या मनात "लागलं" म्हणून चालत नाही. आमच्याकडे एक जण नुसती मान हलवायचा. अंधारात मान कोणाला दिसते?

गाडीत घातल्यावरचं हलवणंही तेच. तळाच्या क्लॅम्पमध्ये स्ट्रेचर पकडलं गेलंय का, हे ओढून बघितल्याशिवाय समजत नाही. नुसतं स्ट्रेचरच चाळीसेक किलोचं, वर माणूस. वळणावर ते मोकळं सुटलं तर मागे बसलेल्या माझं काय होईल याची कल्पना करा. तर कमेंटवाले दादा, ते दोन सेकंद तुमच्याच माणसासाठी असतात, आणि थोडे माझ्यासाठी.

आता किस्से.

एका घरी आम्ही धावत शिरलो. बाहेरच्या खोलीत सोफ्यावर एक आजोबा, चेहरा पांढराफटक. मी बीपीचा कफ गुंडाळला, त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला. पार्टनरने बोटाला ऑक्सिजनचा चिमटाही लावला. "किती आहे?" आजोबांनी विचारलं. म्हटलं, "१३० बाय ८०, छान आहे." ते म्हणाले, "मग आता हिला बघा, ही आत बाथरूममध्ये पडलीय." तेव्हापासून दारातच माझा पहिला प्रश्न असतो, "पेशंट कोण?"

दुसरा कॉल "दारू पिऊन पडलाय" असा. भोवती बघे, मोबाइल वर केलेले, हसणं चाललेलं. माणूस घामाने निथळत होता, बोलणं अडखळत होतं, मला ढकलत होता. साखर तपासली तर ३८. सत्तरच्या खाली गेली तरी आम्ही कमी म्हणतो. शिरेतून ग्लुकोज दिलं, थोड्याच वेळात माणूस उठून बसला आणि विचारतोय, "एवढी गर्दी का जमलीय?" दारूचा वास आला तरी साखर तपासायची, कारण प्यायलेल्याचीही साखर उतरू शकते, आणि डोक्याला मार लागलेलाही तसाच बरळतो.

तिसरा मात्र हसण्यासारखा नाही. फोनवर मुलगा सांगत होता, "बाबा झोपलेत, घोरतायत, पण उठत नाहीत." ते घोरणं नव्हतं. हृदय थांबल्यावर काही वेळ असे तुटक, अडकत घेतलेले श्वास चालू राहू शकतात, आणि घरच्यांना वाटतं श्वास तर आहे. हलवून, हाका मारून माणूस उठत नसेल आणि श्वास नेहमीसारखा नसेल, तर मदतीला फोन लावा, फोन स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल. कंट्रोल रूमने त्या मुलाकडून फोनवरच ते करून घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा तो घामाघूम होता, पण थांबला नव्हता. पुढचं मी इथे सांगणार नाही, ते त्या घराचं आहे.

एका ताईंनी विचारलंय, "तुमची सगळ्यात मोठी फजिती कुठली?" पान्याची झालीच. पण ड्रायव्हरला विचाराल तर तो चावीचं सांगेल. गाडी चालू, पेशंट आत, आम्ही तिघेही खाली उतरलो, नातेवाइकांशी दोन शब्द बोलायला. माझ्या पाठीने दार लोटलं गेलं आणि लॉक झालं. पुढची दारं बंद, चावी गाडीला, वर दिवा गरागरा फिरतोय. पेशंट आत एकटा, पोटदुखीचा. आम्ही काचेतून खाणाखुणा करतोय, नातेवाईक आमच्याकडे बघतायत.

शेवटी त्यानेच पट्टे सोडले, एका हाताने पोट धरलं, वाकत वाकत आला आणि आतून दार उघडलं. मग स्वतःच परत स्ट्रेचरवर जाऊन आडवा झाला. मी मान खाली घालून पट्टे बांधत होते, तर म्हणतो कसा, "मॅडम, मघासारखं हलवून बघता ना?"