मातेचे डोळे आणि एक पांढरा ठिपका

हा जो मागे आवाज येतोय ना, तो नाशिक-पुणे रोडचा. सकाळचे साडेसहा झालेत, जानेवारी आहे, आपल्याकडे या दिवसात निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर असतो, तशी थंडी. एसटी जातीये, भाजीचे टेम्पो जातायत, आणि या सगळ्याच्या कडेला, लोखंडी जाळीच्या आत, दगड-सिमेंटची एक छोटी गुहा केलेली आहे आणि तिच्यात मरियामाता उभी आहे. पांढरा झगा, निळा कमरपट्टा, हात जोडलेले, दोन्ही पावलांवर एकेक पिवळं गुलाबाचं फूल. रोज हजारो लोक इथून जातात. मीसुद्धा वर्षानुवर्षं गेलोय, गाडी न थांबवता.

जागेचं नाव मी सांगणार नाहीये, कारण इथं रोज झाडलोट करणाऱ्या, मेणबत्तीचं मेण खरवडून काढणाऱ्या ज्या मावशी आहेत त्या म्हणाल्या, फोटो काढ बाळा, पाहिजे तेवढे काढ, पण इथं गर्दी नको, लोकं शांत बसायला येतात. मला ते पटलं.

आता नाशिकरोड म्हटलं की सगळ्यांना तिथल्या चर्चमधला बाल येशू आठवतो, मलाही पहिल्यांदा तोच आठवतो. माझी आजी पंचवटीतली, काळ्या रामाला रोज जाणारी, ती मला लहानपणी बोट धरून बाल येशूला घेऊन गेली होती कारण मी सारखा आजारी पडायचो आणि तिनं नवस बोलला होता. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी तिथं यात्रा भरते, मुंबई वसई गोव्याकडून माणसं येतात, सगळ्या धर्माची येतात. तिथल्या मूर्तीच्या डोक्यावर मुकुट, एका हातात गोल आणि त्याच्यावर क्रूस, दुसरा हात आशीर्वादाला वर. हे रूप मूळचं युरोपातल्या प्राग शहरातलं. तिथली मूर्ती जेमतेम 47 सेंटिमीटरची, आत लाकूड आणि वरून मेण, 1628 साली एका सरदार घराण्यातल्या बाईनं कार्मेलाईट साधूंना दिलेली. मग 1631 ला युद्धात सैन्यानं मठ लुटला, मूर्ती अडगळीत फेकली गेली, दोन्ही हात तुटले, आणि काही वर्षांनी एका फादरना ती तशीच, बिनहातांची सापडली. त्यांनी आधी तशीच पूजेला ठेवली. हात नंतर बसवले. मला ही गोष्ट कळली तेव्हापासून मी कुठलीही मूर्ती बघताना आधी बघतो की हिला कुठे दुरुस्त केलंय, कुठे जोड दिलाय, कुणाचा हात लागलाय.

तर त्याच सवयीनं मी या गुहेपाशी थांबलो.

पहिल्या दिवशीचे फोटो सगळे वाया गेले. मूर्ती पांढरी, त्यात ऑइल पेंटची चकाकी, मी फ्लॅश मारला तर चेहऱ्याच्या जागी नुसता उजेडाचा गोळा. फ्लॅश बंद केला तर माता राखाडी, कारण कॅमेऱ्याला समोर सगळं पांढरंच दिसलं की तो आपणहून अंधार करतो, त्याला एक पायरी उजेड वाढवून द्यावा लागतो. हे मला माहीत होतं, घाईत केलं नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहून घाईच होते. दुसऱ्या दिवशी ऊन यायच्या आधी आलो, ट्रायपॉड लावला, पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स लावली आणि फक्त चेहरा घेतला. हा तो फोटो. स्क्रीनवर मोठा करून बघितला आणि मला वाटलं, अरे, हे चुकलंय.

बघा नीट. मान थोडी वर आहे, हनुवटी वर आहे, म्हणजे मूर्ती घडवणाऱ्यानं तिला आकाशाकडे बघायला लावलंय. पण डोळ्यातली बुबुळं खाली आहेत. पापणीच्या खालच्या कडेला टेकलेली. मान स्वर्गाकडे आणि नजर रस्त्याकडे.

ही मूर्ती कुठल्या मूर्तीवरून आली ते सांगतो म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. फ्रान्समधलं लूर्द नावाचं गाव, 1858 साल, फेब्रुवारी ते जुलै. बर्नादेत सुबिरू नावाची चौदा वर्षांची गरीब घरातली मुलगी, सरपण गोळा करायला गेलेली, तिला नदीकाठच्या खडकातल्या कपारीत अठरा वेळा माता दिसली. पांढरा झगा, निळा पट्टा, पावलांवर पिवळे गुलाब हे सगळं वर्णन तिचं. मग 1864 ला त्या कपारीत फाबिश नावाच्या शिल्पकाराची संगमरवरी मूर्ती बसवली, त्यानं बर्नादेतला बसवून खोदून खोदून विचारलं होतं, हात कसे होते, मान कशी होती. मूर्ती झाली, सुंदर झाली, जगभर तिचे साचे गेले, आणि बर्नादेत ती बघून म्हणाली की छान आहे पण मी बघितली ती ही नव्हे. तिनं सांगितलेली माता लहानशी होती, तिच्याच उंचीची. मूर्ती झाली चांगली पुरुषभर उंच.

ते साचे फिरत फिरत आपल्या गोदाकाठापर्यंत आले. तसं नाशिकचं ख्रिस्ती असणं मूर्तींपासून सुरू झालेलंच नाही. शरणपूरची वस्ती प्रोटेस्टंट मिशनची, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली, तिथल्या चर्चमधे मूर्ती ठेवायची पद्धत नाही. पण आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकायला नेलेली जी मुलं समुद्रात जहाजांवरून सोडवली, त्यातली काही तिथं वाढली, शिकली. त्यातला जेकब वेनराईट पुढे आफ्रिकेत फिरणारा मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंगस्टन, त्याच्या शेवटच्या प्रवासात होता आणि 1873 ला लिव्हिंगस्टन गेला तेव्हा ज्या झाडाखाली त्याचं हृदय पुरलं त्या झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली ती या जेकबनं. आपल्या नाशकात अक्षरं गिरवलेला हात. शरणपूर रोडवरून गाडी काढताना मला दर वेळी त्या खोडाची आठवण होते.

असो, डोळ्यांकडे येतो.

मी मावशींना फोटो दाखवला आणि विचारलं, मावशी, हे रंगवताना चुकलंय का? त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चुकलं नाही रे. आधी वरच बघायची. मग बाया म्हणायला लागल्या, आम्ही इथं बसून रडतो आणि माता आमच्याकडे बघतच नाही. पेंटर काकांना सांगितलं, त्यांनी नजर खाली आणली."

पेंटर काका म्हणजे जे आषाढापासून गणपतीच्या कारखान्यात बसतात. त्यांचं काम फक्त आखणीचं, म्हणजे डोळे. बाकी रंग पोरं देतात. वर्षाकाठी शेकडो गणपतींना नजर देणारा माणूस, त्याला कुणी सांगितलं की देव भक्ताकडे बघत नाहीये, तर तो दुसरं काय करणार? गणपतीची नजर समोर पाटावर बसलेल्या माणसाला भेटली पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक मूर्ती उचलत नाही. तोच हिशोब त्यांनी इथं लावला.

मग मी एक साधी गोष्ट केली जी आधी करायला पाहिजे होती. गुहेसमोर सिमेंटचा एक बाक आहे, बुटका, मी ट्रायपॉड काढून त्या बाकावर बसलो, कॅमेरा मांडीवर ठेवला आणि वर बघितलं. हा फोटो तिथून. बघा. इथून मान वर उचललेली वाटतच नाही, नजर सरळ तुमच्याकडे येते. बाकाच्या डाव्या टोकाला बसा, उजव्या टोकाला बसा, थोडाफार फरक पडतो, पण मधोमध जिथं सिमेंट झिजून गुळगुळीत झालंय ना, तिथं अगदी नेमकी. मी उभा राहून, लेन्स लावून, मूर्तीच्या चेहऱ्याच्या उंचीवरून चूक शोधत होतो. मूर्ती त्या उंचीवरून बघायची नव्हतीच.

त्या बाकावर मी त्यानंतर आठ-दहा सकाळी बसलो. एक नर्सबाई नाईट संपवून यायच्या, पाच मिनिटं बसायच्या, चपला काढून. एक रिक्षावाला यायचा तो बसायचा नाही, जाळीला हात लावून जायचा. शाळेचा ड्रेस घातलेली एक मुलगी परीक्षेच्या दिवशी आली होती, तिनं मेणबत्ती लावली आणि ती वाऱ्यानं दोनदा विझली, तिनं तिसऱ्यांदा लावली. त्यांच्या चेहऱ्याचे फोटो मी काढले नाहीत. बाकाचे काढले, जाळीवर हात लागून जिथं रंग गेलाय आणि लोखंड चकाकतंय त्याचे काढले, मातेच्या पावलावरच्या गुलाबाचे काढले. तो गुलाब आता गुलाब वाटत नाही, रंगावर रंग बसून पाकळ्या बुजल्यात, एक पिवळा गोळा राहिलाय. मला त्याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं, पाकळ्या परत मोकळ्या करता आल्या पाहिजेत.

यात्रेच्या आधी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, काका आले. सायकलच्या हँडलला डबा अडकवलेला. त्यांनी आधी ओल्या फडक्यानं धूळ काढली, झग्याच्या घडीत जिथं पोपडे आले होते तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वाळल्यावर पॉलिश पेपर मारला. मी गुलाबाचं बोललो. म्हणाले, "पुढच्या वेळी रंग सगळा काढूनच घेऊ, भाऊ, आता यात्रेला वेळ नाही." मग शिडीवर चढले, झिरो नंबरचा ब्रश तोंडात धरून, आणि डोळ्यांकडे बराच वेळ नुसते बघत राहिले.

मी म्हटलं, काका, एकदा खालून बघता का, मी बाकावरून काढलेला फोटो आहे. ते उतरले. चष्मा वर केला, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं हे मोठं कसं करायचं. मी डोळा मोठा करून दिला, आधी उजवा मग डावा. डाव्यापाशी थांबले.

"हा ठिपका गेलाय बघा. पांढरा. पावसानं गेला असेल. याच्याशिवाय डोळा बसत नाही."

आणि डब्यातून पांढऱ्याची छोटी बाटली काढून, झाकण दातानं उघडत, परत शिडीवर चढले.