पाळीबाहेरचे काम

(दृश्य : पहाटेचा अंधार, पारासमोर उभी असलेली लाल गाडी)

लातूर जिल्ह्यातील हे एक मुक्कामी गाव आहे. रात्रीची शेवटची एसटी इथे येऊन थांबते आणि पहाटे तीच पहिली गाडी होऊन तालुक्याकडे आणि तिथून लातूरकडे निघते. चालक आणि वाहक मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात झोपले होते. गाडी सुटायला अजून वेळ आहे, तरी वाहक मागच्या दाराशी उभा आहे, कारण डबे यायला सुरुवात झाली आहे.

लातूरला अकरावी-बारावीसाठी आणि वैद्यकीय, अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी आजूबाजूच्या जिल्ह्यांतून मुले येऊन राहतात. खोलीचे भाडे आणि शिकवणीचे शुल्क भरल्यावर अनेक घरांना महिन्याची खानावळ परवडत नाही. म्हणून घरचा डबा एसटीने जातो. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पातळ भाजी किंवा येसराची आमटी, असे त्यात काही ना काही असते. पिशवीवर मुलाचे नाव लिहिलेले असते, काहींवर रंगीत चिंधी बांधलेली असते, कारण डबे एकसारखे दिसतात. वाहकाच्या हातांकडे पाहावे. आमटीचा डबा त्याने दोन पिशव्यांच्या मध्ये घट्ट बसवला, झाकण अंगठ्याने दाबून पाहिले, मग वरून गोणपाट टाकले. पुढच्या फाट्यावर आणखी डबे चढतील, त्यांच्यासाठी त्याने चालकाच्या आसनामागे जागा मोकळी ठेवली आहे.

(दृश्य : लातूर बसस्थानक, फलाटावर वाट पाहणारी मुले)

मुले फलाटावर आधीच येऊन थांबलेली असतात. आज एक मुलगा आला नाही. वाहकाने त्याचा डबा उचलला, वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत नेऊन ठेवला, ‘मालक, हा तेवढा बघा,’ असे सांगितले आणि गावाकडे फोन लावून डबा कुठे आहे तेही कळवले. तिकिटे देणे, घंटी देणे, उतारू मोजणे, रोख रकमेचा हिशेब देणे हे त्याचे काम आहे. हा फोन त्याच्या पाळीत मोजला जात नाही आणि त्याच्या पगारपत्रकात त्याचा रकाना नाही. तो केला नसता तर त्याला कोणी जाब विचारला नसता.

हा माहितीपट अशा कामांविषयी आहे, आणि ती माणसे का करतात याविषयी.

व्यवस्थापनशास्त्राला हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील एका दूरध्वनी कंपनीचे प्रमुख चेस्टर बर्नार्ड यांनी १९३८ मध्ये लिहिले होते की माणसांची सहकार्य करण्याची इच्छा नसेल तर कोणतीही संघटना उभी राहू शकत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कॅट्झ यांनी १९६४ मध्ये पुढची गोष्ट सांगितली, की केवळ नेमून दिलेल्या कामांच्या आराखड्यावर विसंबणारी संस्था फार ठिसूळ असते. १९८८ मध्ये व्यवस्थापनाचे अभ्यासक डेनिस ऑर्गन यांनी या वागणुकीची व्यवस्थित व्याख्या केली : जी मदत कर्मचारी आपल्या मर्जीने करतो, जिचा मोबदला थेट ठरलेला नसतो, पण अनेकांची अशी मदत एकत्र आली की संस्था नीट चालते. मराठीत तिला संघटनात्मक नागरिकत्व वर्तन म्हणतात. अडलेल्या सहकाऱ्याला हात देणे, नियम कोणी पाहत नसतानाही पाळणे, लहानसहान गैरसोयींचा बाऊ न करणे, आपल्या कृतीने दुसऱ्याची अडचण होऊ नये म्हणून आधी कळवणे आणि संस्थेच्या कारभारात लक्ष घालणे, अशी पाच अंगे त्यांनी मांडली. आपण आत्ता पाहिलेल्या दृश्यात त्यांतली निदान दोन दिसतात.

(दृश्य : आगाराची रोख खिडकी, संध्याकाळ)

तालुक्याच्या आगारात दिवसाचा भरणा चालू आहे. भरतीनंतर नुकतीच मार्गावर आलेली एक वाहक बाकावर नोटा मांडून बसली आहे. तूट आली तर ती वाहकाला स्वतः भरावी लागते. शेजारी उभ्या असलेल्या ज्येष्ठ वाहकबाईंची पाळी संपून गेली आहे, त्यांच्या खांद्याला पिशवी अडकवलेली आहे.

‘ताई, चाळीस रुपये कमी येतायत.’

‘थांब, घाबरू नको. अर्ध्याच्या जागी पूर्ण तिकीट कुठं निघालंय का बघ आधी.’

मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे, आणि त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. गाड्यांना गर्दी वाढली, त्यात यंत्रावर पूर्ण, अर्धे, शून्य मूल्याचे अशी वेगवेगळी तिकिटे काढावी लागतात. घाईत एका बाईकडून अर्धे पैसे घेतले आणि यंत्रावर पूर्ण तिकीट काढले, की हिशेब तेवढ्याने खाली येतो. दोघी मिळून फेरीमागून फेरी तपासत आहेत. बाईंनी पिशवी खाली ठेवली आहे. चूक तिसऱ्या फेरीत सापडते, आणि सापडल्यावर बाई नव्या मुलीला एवढेच सांगतात की गर्दीच्या फेरीत आधी तिकीट वाचायचे, मग पैसे घ्यायचे.

अशा माणसाला संस्थेशी काय बांधून ठेवते? मानसशास्त्रज्ञ जॉन मेयर आणि नॅटली अॅलन यांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन घटक मांडले. पहिली भावनिक बांधिलकी : ही संस्था आपली वाटते, म्हणून इथे राहावेसे वाटते. दुसरीत हिशेब असतो : सेवेची वर्षे झाली, वय वाढले, बाहेर दुसरी नोकरी नाही, म्हणून राहावे लागते. तिसरी कर्तव्याची : या संस्थेने आपल्याला उभे केले, म्हणून सोडून जाणे बरे नाही. एकाच माणसात तिन्ही कमीअधिक असतात. २००२ मध्ये मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा स्वेच्छेने केलेल्या मदतीशी भावनिक बांधिलकीचा सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचे माप; शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण) सर्वांत जास्त, ०.३२ च्या आसपास आढळला. कर्तव्यभावाचा त्याहून कमी, ०.२४ च्या आसपास. आणि नाइलाजाने टिकून राहण्याचा जवळपास शून्य. ०.३२ हा सहसंबंध मध्यम आहे, सारे काही त्यातून उलगडत नाही. मात्र शून्याचा अर्थ स्पष्ट आहे. दुसरीकडे जाता येत नाही म्हणून थांबलेला माणूस तेवढ्या कारणाने दुसऱ्याच्या तुटीसाठी पाळीनंतर थांबत नाही.

(दृश्य : चिकलठाणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा, सांगाड्यावर चढणारे पत्रे)

मराठवाड्यात ही आपुलकी कुठून आली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. हा भाग निजामाच्या राज्यात होता, आणि तिथे सरकारी प्रवासी बस १९३२ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्राच्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्या दिवशी मराठवाडा अजून स्वतंत्र झालेला नव्हता, मुक्तीचा दिवस १७ सप्टेंबरला उजाडायचा होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. रेल्वे मोजक्या गावांना शिवत होती. बाजार, दवाखाना, कॉलेज, तुळजापूर, पंढरपूर, सारे एसटीवर अवलंबून होते. ‘गाव तिथे एसटी’ हे ब्रीद इथल्या माणसाने आपल्या गावाच्या वेशीवर खरे होताना पाहिले. आज वाहकाच्या किंवा यांत्रिकाच्या जागेवर असलेला माणूस बहुधा याच गाडीने शाळेत गेलेला असतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या या कार्यशाळेत उघड्या सांगाड्यावर गाडीचे अंग उभे राहते : चौकटी जोडल्या जातात, पत्रे ठोकले जातात, आसने बसतात, शेवटी रंग चढतो. इथला एक कारागीर दुसऱ्या विभागाने बसवलेल्या पायरीची कड हाताने चाचपून पाहतो आणि ती टोचते म्हणून कानस मागून घेतो. पायरी त्याच्याकडे सोपवलेली नव्हती.

याच एसटी कर्मचाऱ्यांचा राज्य शासनात विलीनीकरणासाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला, गाड्या आगारात उभ्या राहिल्या, कर्मचाऱ्यांवर निलंबनाची आणि बडतर्फीची कारवाई झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर कर्मचारी कामावर परतले.

त्या संपात डबे नेणारी माणसेही होती, आणि यात विसंगती नाही, असे आम्हाला ठामपणे वाटते. संस्था आपली वाटते म्हणूनच माणूस तिच्याकडे हक्काने मागतो. विलीनीकरणाची त्यांची मागणी आपण त्या घरचेच आहोत हे मान्य करून घेण्याची होती. आपुलकी म्हणजे निमूटपणा, असा अर्थ जो अधिकारी काढतो, त्याला आपले कर्मचारी कळलेले नाहीत.

आणखी एक धोका आहे. स्वेच्छेची मदत दिसू लागली की तिचा हुकूम काढण्याचा मोह वरिष्ठांना होतो. ‘बाकी सगळे थांबतात, मग तुम्हीही थांबा’ असे म्हटले की मदतीतली मर्जी संपते. इस्रायली अभ्यासक एरान विगोडा-गडोट यांनी २००६ मध्ये अशा सक्तीच्या नागरिकत्वाची मांडणी केली आणि ताण, थकवा, नोकरी सोडण्याची इच्छा हे त्याचे संभाव्य परिणाम सांगितले.

(दृश्य : आगारातील फलक, ड्युटीपत्रकाभोवती उभे कर्मचारी)

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट आयझेनबर्गर यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की संस्था आपल्या कामाची किंमत ठेवते का आणि आपल्या भल्याची काळजी करते का, याविषयी प्रत्येक कर्मचारी मनाशी एक मत बनवत असतो. आगारात हे मत या फलकासमोर बनते. कोणाला सलग किती मुक्काम लावले, कोणाची रजा कोणत्या कारणाने नाकारली, कोणाच्या वशिल्याने कोणता मार्ग मिळाला, हे सर्वजण वाचतात. या आगारात एका वाहकाच्या मुलीची बारावीची परीक्षा होती, तेव्हा त्याचे मुक्काम न मागता बदलण्यात आले. नवरात्रात तुळजापूरच्या जादा गाड्यांसाठी माणसे कमी पडली, तेव्हा त्याने साप्ताहिक सुट्टी सोडली. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते.

वेतनाचा आणि विलीनीकरणाचा निर्णय मुंबईत होतो. ड्युटीपत्रक वेळेवर लावणे, मुक्काम सर्वांना सारखे वाटणे, रजेच्या अर्जावर तोंडी नकाराऐवजी लेखी कारण देणे आणि विश्रांतीगृहात पिण्याचे पाणी व महिला वाहकांसाठी कडी असलेली स्वतंत्र खोली ठेवणे, हे आगार व्यवस्थापकाच्या टेबलावर ठरू शकते, आणि ते पुढच्या ड्युटीपत्रकापासून सुरू करता येते.